खडकावरचं गाव गरीब का राहतं?

व्हिएतनामच्या अगदी उत्तरेला, चीनच्या सीमेलगत, दोंग वान नावाचं चुनखडीचं पठार आहे. काळपट सुळक्यांचं रान, सुळक्यांच्या बेचक्यांत ओंजळभर माती आणि त्या मातीत मक्याची चार ताटं. इथली बहुतेक गावं ह्मोंग समाजाची. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत व्हिएतनामने गरिबी ज्या वेगाने कमी केली त्याचं जगभर कौतुक होतं, आणि ते रास्तच आहे. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला निम्म्याहून अधिक जनता गरीब असलेला हा देश आज जगाला मोबाइल फोन आणि कपडे पुरवतो. पण उरलेली गरिबी कुठे आहे हे शोधायला गेलं की बोट डोंगरांवरच जाऊन थांबतं. 2019 च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या सुमारे 9 कोटी 62 लाख होती. त्यात बहुसंख्य किन्ह समाज 85 टक्के आणि उरलेले 53 समाज मिळून जेमतेम 15 टक्के. गरिबांच्या यादीत मात्र या 15 टक्क्यांचा वाटा निम्म्याहून जास्त आहे.

मैदानातली माणसं याचं एक सोपं उत्तर देतात. डोंगरातले लोक जुन्या रीती सोडत नाहीत, मुलांना शिकवत नाहीत, सरकारी मदतीची वाट पाहत बसतात, असं ते उत्तर. ते चुकीचं आहे असं मला ठामपणे वाटतं. का, हे समजून घ्यायचं तर गावातली माती, पाणी, सरकारी कागद आणि भाषा एकमेकांत कशी गुंतलेली आहेत ते पाहायला हवं.

उंचीची वाटणी

उत्तर व्हिएतनाममध्ये कोण कुठे राहतं हे बऱ्याच अंशी उंचीवरून कळतं. ताय आणि थाय हे दोन वेगळे समाज दऱ्यांच्या तळाशी, नदीकाठी राहतात. त्यांची भातखाचरं पाण्याखाली असतात आणि वर्षाचं धान्य बऱ्यापैकी खात्रीचं असतं. त्यांच्या वर, मधल्या उतारांवर, झाओ लोकांची वस्ती. आणि सगळ्यात वर, हजार मीटरच्या पुढे, ह्मोंग.

ह्मोंग लोकांना उंचीच आवडते, असं प्रवासवर्णनांत लिहिलेलं असतं. खरी गोष्ट जास्त रूक्ष आहे. ते साधारण तीनशे वर्षांपूर्वीपासून दक्षिण चीनमधून टप्प्याटप्प्याने खाली येत गेले. तोवर पाण्याच्या जमिनी आधीच्यांनी धरल्या होत्या. उरला होता तो डोंगरमाथा. आज व्हिएतनाममध्ये त्यांची संख्या सुमारे 14 लाख आहे. सरकारने 1979 मध्ये देशातल्या 54 समाजांची अधिकृत यादी केली, आणि आज सरकारी कागदांत ते 'मोंग' या नावाने नोंदलेले असतात.

दगडात पेरलेला मका

चुनखडीच्या पठारावर पाऊस भरपूर पडतो, पण पाणी थांबत नाही. चुनखडी पाण्यात हळूहळू विरघळते, त्यामुळे खडकात भेगा, विवरं आणि भुयारं तयार झालेली असतात. पावसाचं पाणी त्यांतून सरळ खाली जातं आणि शेकडो मीटर खोल दरीत नदीला मिळतं. न्यो क्वे ही नदी या पठाराच्या पायथ्याशी हिरवीगार वाहते आणि वरच्या गावातल्या बाया हिवाळ्यात पाण्यासाठी पायपीट करतात. ऑक्टोबरपासून मार्च-एप्रिलपर्यंतचे महिने सगळ्यात कठीण.

यावर दोन प्रकारचे उपाय झाले. एक म्हणजे 'टांगती तळी'. डोंगराच्या कुशीत जिथे झरा पाझरतो तिथे तळाला आणि भिंतींना काँक्रीट करून मोठा हौद बांधायचा आणि पावसाळ्यातलं पाणी साठवायचं. पठारावर अशी शंभराहून अधिक तळी झाली. दुसरा उपाय व्हिएतनामी आणि जर्मन संशोधकांनी मिळून केला. नदीच्या पाण्याच्याच जोरावर चालणारे पंप बसवून, बाहेरून वीज न घेता, पाचशे मीटरहून अधिक उंचीवर पाणी चढवायचं. दोन्ही उपाय चांगले आहेत. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. हौद बांधायला एकदाच पैसा लागतो, पण गाळ काढणं, तडे बुजवणं, पाण्याच्या पाळ्या लावणं हे काम दरवर्षीचं आहे आणि ते गावालाच करावं लागतं. जिथे गावाला सुरुवातीपासून विचारलेलं असतं तिथे ते होतं. जिथे ठेकेदार येऊन बांधून निघून गेला, तिथे तळं काही वर्षांत कोरडं पडलेलं दिसतं.

शेतीची गोष्ट तर थक्क करणारी आहे. खडकातल्या खळग्यांभोवती दगडांचा बांध घालायचा, खालून पाठीवरच्या टोपलीत माती वाहून आणायची, खळगा भरायचा आणि त्यात मक्याचे तीन-चार दाणे टाकायचे. मका वर आला की त्याच्या सावलीत भोपळा आणि शेंगा. नांगर लहान आणि मजबूत, बैलाला दगडांमधून वळता येईल असा. ही पद्धत व्हिएतनामने राष्ट्रीय अमूर्त वारसा म्हणून नोंदवली आहे. मक्याचं पीठ दोनदा वाफवून केलेलं 'मेन मेन' हे इथलं रोजचं जेवण.

आता या शेतीत 'सुधारणा' कशी येते ते पाहा. सरकार संकरित मक्याचं बियाणं सवलतीत देतं. कणीस मोठं येतं, हे खरं. पण त्याला रासायनिक खत लागतं आणि खतासाठी उधारी करावी लागते. कणसं माळ्यावर टांगली की जुन्या वाणापेक्षा लवकर किडतात, आणि अनेकांच्या मते मेन मेनही तितकं चांगलं होत नाही. मग शेतकरी काय करतो? संकरित मका जनावरांसाठी आणि दारू गाळण्यासाठी लावतो आणि एका कोपऱ्यात घरच्या जेवणासाठी जुना वाण राखून ठेवतो. बाहेरच्या माणसाला हा हट्ट वाटतो. खरं तर हा काटेकोर हिशोब आहे. ज्याच्याकडे एकच हंगाम आहे तो सगळं बियाणं एका डावावर लावत नाही.

याच हिशोबात अफूही होती. फ्रेंच राजवटीत अफूचा मक्ता सरकारकडे होता आणि डोंगरातून ती विकत घेतली जायची. रस्ते नसलेल्या मुलखात पाठीवरून नेता येईल इतकं हलकं आणि तरी चांगली किंमत देणारं दुसरं पीक नव्हतं. सा फिन गावातला व्वोंग घराण्याचा प्रसिद्ध वाडा याच व्यापारावर उभा राहिला. 1993 पासून सरकारने अफूची लागवड बंद करण्याची मोहीम हाती घेतली. व्यसन आणि त्यातून होणारी वाताहत पाहता ते करणं गरजेचंच होतं. पण घरात रोख पैसा आणणारं पीक गेलं आणि त्याच्या तोडीचं पीक आलं नाही. फळझाडं, वेलदोडा, गुरं असे पर्याय दिले गेले. वेलदोडा म्हणजे इथला मोठा काळा वेलदोडा. तो जंगलाच्या दाट सावलीतच वाढतो, त्यामुळे लाओ काय प्रांतातल्या गावांना तो मानवला. दगडी पठारावर तेवढं जंगलच नाही. तिथे गुरं हाच आधार. पिवळसर ह्मोंग बैल गोठ्यात बांधून, गवत डोक्या-पाठीवरून आणून वाढवायचा आणि पठारावरच्या मेओ वाक या गावाच्या आठवडी बाजारात विकायचा. 2008 च्या जानेवारी-फेब्रुवारीत महिनाभराहून जास्त काळ कडाक्याची थंडी पडली आणि उत्तरेच्या डोंगरांत गुरं मोठ्या संख्येने मेली. अशा घराची बचत बँकेत नसते, ती दावणीला असते. म्हणून एका थंडीत एखादं कुटुंब पाच-सहा वर्षं मागे जातं.

रस्ता

1959 ते 1965 या काळात 'हा जांग' नावाच्या शहरापासून मेओ वाकपर्यंत सुमारे 185 किलोमीटरचा रस्ता खोदला गेला. 16 समाजांतले तरुण-तरुणी त्यात होते आणि हत्यारं म्हणजे मुख्यतः पहारी, हातोडे आणि सुरुंग. मा पी लेंग घाटातला कडा फोडायला दोराला लटकून अकरा महिने काम करावं लागलं. त्या रस्त्याचं नाव 'सुखाचा रस्ता'. आज मोटारसायकलवरून जाणाऱ्या पर्यटकांना तो माहीत असतो तो देखाव्यासाठी.

रस्त्याने मीठ आलं, शिक्षक आला, आजारी माणूस खाली नेता येऊ लागला. 1998 मध्ये सुरू झालेल्या 'कार्यक्रम 135' ने सर्वात मागास कम्यूनमध्ये, म्हणजे आठ-दहा गावांच्या गटांमध्ये, जोडरस्ते, शाळा, छोटे कालवे आणि पाणीयोजना नेल्या. या कामाबद्दल मला आदरच आहे. पण रस्ता आला की सगळं आपोआप होतं हे मात्र खरं नाही. रस्त्याबरोबर घाऊक व्यापारी येतो. तो बहुधा मैदानातला किन्ह असतो, त्याच्याकडे भांडवल असतं, भाव त्याला ठाऊक असतो आणि खत-बियाणं उधारीवर देणाराही तोच असतो. मक्याचा भाव काढणीच्या वेळी पडलेला असतो आणि त्याच वेळी उधारी फेडायची असते. त्यामुळे गावातली मिळकत वाढते, पण वाढीतला मोठा हिस्सा बाहेर जातो.

जमीन आणि जंगल कोणाचं?

1968 पासून सरकारचं एक धोरण होतं: डोंगरातल्या लोकांनी फिरती शेती सोडून एका जागी वस्ती आणि एका जागी शेती करावी. फिरती शेती म्हणजे जंगलाचा तुकडा तोडून जाळायचा, दोन-तीन वर्षं पेरायचा आणि मग दहा-पंधरा वर्षं पडीक ठेवायचा. पडीक काळ पुरेसा असेल तर जंगल परत येतं. लोकसंख्या वाढली, मैदानातून माणसं डोंगरात वसवली गेली, पडीक काळ आखडला आणि मग पद्धत कोलमडली. दोष सगळा जाळण्यावर टाकला गेला.

1993 च्या जमीन कायद्याने कुटुंबांना जमीन वापरण्याचा हक्क दिला. मालकी राष्ट्राची, पण वापर, वारसा, गहाण आणि विक्री शक्य. मैदानातल्या शेतकऱ्याला याचा प्रचंड फायदा झाला. डोंगरात मात्र अडचण अशी की पडीक तुकडा कागदावर 'न वापरलेला' दिसतो आणि गावाने मिळून राखलेल्या जंगलाला एका कुटुंबाचं नाव लागत नाही. अशा बऱ्याच जमिनी सरकारी वनसंस्थांकडे गेल्या. गावाला समूह म्हणून जंगल देण्याची सोय कायद्यात 2003-04 मध्ये आली.

मोठी धरणं हा याच प्रश्नाचा सगळ्यात कठोर चेहरा. 2012 मध्ये पूर्ण झालेला सोन ला जलविद्युत प्रकल्प 2400 मेगावॅटचा आहे. त्यासाठी 20 हजारांच्या आसपास कुटुंबं हलवावी लागली, बहुतेक थाय. नदीकाठची भातखाचरं पाण्याखाली गेली आणि बदल्यात मिळाली उताराची जमीन, जिथे भात होत नाही. वीज देशाला मिळाली, आणि आयुष्यभर पाण्यात भात लावलेल्या माणसाला पन्नाशीत कोरडवाहू शेती शिकावी लागली.

याच क्षेत्रात एक गोष्ट मात्र मला खरोखर आशेची वाटते. वीजप्रकल्पाच्या जलाशयात गाळ कमी यावा म्हणून वरचं जंगल टिकायला हवं. ते राखणाऱ्यांना पैसे मिळाले पाहिजेत, हा विचार व्हिएतनामने 2008 मध्ये सोन ला आणि लाम डोंग या प्रांतांत करून पाहिला आणि 2010 च्या सरकारी हुकमाने देशभर लागू केला. वीजकंपनी आधी युनिटमागे 20 डोंग (डोंग हे व्हिएतनामचं चलन) द्यायची, पुढे 36 डोंग. हा पैसा प्रांताच्या वननिधीत जातो आणि तिथून जंगलाच्या क्षेत्रफळाप्रमाणे कुटुंबांना किंवा गावांना वाटला जातो. रक्कम फार मोठी नसते आणि एका खोऱ्यातला दर दुसऱ्या खोऱ्यापेक्षा कितीतरी वेगळा असतो, कारण तो खाली वीजप्रकल्प किती आहेत त्यावर ठरतो. तरीही काही गावांनी हे पैसे घरोघर वाटून टाकण्याऐवजी गस्त, पायवाट, सभागृह यांसाठी एकत्र ठेवले. मदत म्हणून आलेल्या पैशापेक्षा कामाचा मोबदला म्हणून आलेल्या पैशाला गाव वेगळं वागवतं.

यादीतून बाहेर पडण्याची शिक्षा

हा भाग बाहेर सगळ्यात कमी माहीत आहे, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आहे.

सरकार डोंगरातल्या कम्यूनची तीन वर्गांत विभागणी करतं. तिसरा वर्ग म्हणजे सर्वाधिक अडचणीचा. कम्यून कोणत्या वर्गात आहे यावर तिथल्या माणसाला काय मिळणार ते ठरतं. सर्वाधिक अडचणीच्या भागातल्या अल्पसंख्याक समाजांना आरोग्यविमा मोफत असतो. शाळा लांब असलेली मुलं आठवडाभर शाळेत राहतात आणि शनिवार-रविवारी घरी जातात; त्यांना जेवणासाठी भत्ता आणि महिन्याला 15 किलो तांदूळ मिळतो. हा तांदूळ लहान गोष्ट नाही. घरात पाच मुलं असतील तर दोघांचं पोट शाळा भरते.

जून 2021 मध्ये नवी वर्गवारी जाहीर झाली. त्याच सुमारास ग्रामीण सुधारणेचे 19 निकष पूर्ण केलेल्या कम्यून 'नवं ग्रामीण' म्हणून मान्यता मिळवत होत्या आणि अडचणीच्या यादीतून बाहेर पडत होत्या. कागदावर ही अभिमानाची बाब. प्रत्यक्षात लाखो लोकांचा मोफत विमा एका फटक्यात गेला, आणि कित्येक मुलांचा भत्ता आणि तांदूळही. रस्ता डांबरी झाला म्हणून बाळंतीण बाईचा विमा का जावा? निकष कम्यूनचे असतात, गरिबी घराची असते. खालचं गाव रस्त्याला लागून सुधारतं, त्याच कम्यूनमधलं वरचं ह्मोंग गाव होतं तिथेच राहतं, आणि सरासरीत दोघं एकदम 'सुधारलेले' ठरतात. पुढे 2023 मध्ये सरकारने नियम बदलून अशा लोकांच्या विम्याच्या हप्त्याचा मोठा भाग काही वर्षं उचलायचं ठरवलं. सुधारणा चांगली, पण मधली दोनेक वर्षं आजारी पडलेल्यांना ती उपयोगाची नव्हती.

म्हणूनच एखादं गाव यादीत राहण्यासाठी धडपडतं तेव्हा त्याला आळशी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. मदत हळूहळू कमी व्हायला हवी, घराच्या मिळकतीप्रमाणे. कड्यावरून ढकलल्यासारखी ती एकदम तुटू नये.

शाळेतली भाषा

शाळा व्हिएतनामी भाषेत चालते. सहा वर्षांचं ह्मोंग मूल घरी फक्त ह्मोंग बोलतं. पहिलं वर्ष शिक्षक काय म्हणतात हे समजण्यातच जातं, आणि तोपर्यंत वाचन-गणितात ते मागे पडलेलं असतं. 2008 पासून युनिसेफच्या मदतीने लाओ काय, जिया लाय आणि चा विन्ह या तीन प्रांतांत एक प्रयोग झाला. सुरुवातीची वर्षं अनुक्रमे ह्मोंग, जराय आणि ख्मेर भाषेत शिकवायचं आणि व्हिएतनामी हळूहळू वाढवत न्यायची. मुलं दोन्ही भाषांत चांगली शिकली. तरी प्रयोग देशभर पसरला नाही. ह्मोंग बोलणारे प्रशिक्षित शिक्षक पुरेसे नव्हते, आणि तसे शिक्षक तयार करायला शाळेच्या इमारतीपेक्षा जास्त वेळ लागतो.

पर्यटक आला, मग?

2010 मध्ये दोंग वान पठाराला युनेस्कोने भूउद्यान (जिओपार्क), म्हणजे भूरचनेसाठी जपायचा प्रदेश, म्हणून मान्यता दिली, व्हिएतनाममधलं पहिलं. त्यानंतर पर्यटक वाढले. लाओ काय प्रांतातल्या 'सा पा' या पर्यटनस्थळाचा अनुभव मात्र सावध करणारा आहे. 2014 मध्ये हनोईहून लाओ कायपर्यंत जलदगती मार्ग झाला, 2016 मध्ये फान्सिपान शिखरावर रोपवे आला, आणि गावात उंच हॉटेलं उभी राहिली. त्यांचे मालक बहुतेक बाहेरचे. ह्मोंग बाया आणि लहान मुली रस्त्यावर पिशव्या आणि बांगड्या विकतात.

पठारावर काही ठिकाणी वेगळी घडी बसली. पर्यटक पाहायला जातात त्या लुंग कू ध्वजस्तंभाजवळचं लो लो चाय हे लो लो समाजाचं गाव. तिथल्या कुटुंबांनी दाबलेल्या मातीच्या भिंतींची आपली जुनी घरं न पाडता त्यांतच पाहुण्यांची सोय केली. 2025 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संस्थेने त्याला उत्तम पर्यटन गावांच्या यादीत घेतलं. लुंग तामच्या ह्मोंग बायकांची सहकारी संस्था हेम्पचं कापड विणते. हेम्प म्हणजे भांगेच्या जातीचं, धाग्यासाठी लावतात ते झाड. साल सोलायची, कुटायची, तंतू एकेक करून जोडायचे; बाया बाजाराला चालताना, गप्पा मारतानाही हातांनी हे जोडकाम करत असतात. मग राखेच्या पाण्यात उकळायचं, मेणाने नक्षी काढायची, निळीत बुडवायचं. इथे झाड गावातलं, कसब गावातलं आणि विक्रीचा भावही संस्थाच ठरवते. म्हणून पैसा गावात राहतो. हे प्रत्येक गावाला जमेल असं नाही. सगळ्याच गावांजवळ ध्वजस्तंभ नसतो आणि जगात निळीच्या घागऱ्यांना गिऱ्हाईकही मर्यादितच आहे. बाकीच्या गावांतली तरुण मुलं हनोईजवळच्या बाक निन्ह, बाक जांगच्या कारखान्यांत जातात, आणि मक्याची शेती आजी-आजोबा सांभाळतात.

आता पुढे

ऑक्टोबर 2021 मध्ये अल्पसंख्याक आणि डोंगरी भागासाठी 2030 पर्यंतचा मोठा राष्ट्रीय कार्यक्रम मंजूर झाला. घर, पाणी, जमीन, रोजगार, शाळा, आरोग्य अशा दहा प्रकल्पांचा. पहिली काही वर्षं पैसा असूनही खर्च होईना, कारण वेगवेगळ्या मंत्रालयांचे नियम एकमेकांत अडकले होते.

मग जुलै 2025 मध्ये देशाची सगळी घडीच बदलली. 63 प्रांतांचे 34 झाले, दोंग वान पठार ज्यात होतं तो 'हा जांग' प्रांत त्वेन क्वांगमध्ये मिसळला, जिल्हा ही पायरीच रद्द झाली आणि कम्यून एकत्र करून मोठ्या केल्या. जिल्ह्याची कामं कम्यूनकडे आली, ही गोष्ट गावांच्या सोयीची ठरू शकते. पण कम्यूनचं कार्यालय काही गावांपासून आधीपेक्षा लांब गेलं आहे, आणि तिथला अर्ज व्हिएतनामीत भरायचा असतो. वरच्या गावातली सत्तरीची ह्मोंग बाई ती भाषा बोलत नाही. तिच्यासाठी अर्ज भरतो गावचा प्रमुख, किंवा सरकारने 'गावातली मान्यवर व्यक्ती' म्हणून मान्यता दिलेला एखादा वडीलधारा. नव्या कम्यूनच्या खिडकीत ह्मोंग बोलणारा कारकून बसवला गेला तर तिला त्यांच्यावर अवलंबून राहावं लागणार नाही, आणि विमा, जमीन, नातवाचा तांदूळ यांबद्दल तिला काय म्हणायचं आहे ते ती स्वतः सांगेल.